ग्रुपला सांगू का मी खरंच काय ऐकते?

आलेलं पत्र थोडं छोटं करून देते:

"ताई, आमचा गाणं ऐकणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, आठ-दहा जण. महिन्यातून एकदा भेटतो, प्रत्येकाने काहीतरी आणायचं, लावायचं आणि त्याबद्दल बोलायचं. ख्याल, जॅझ, स्ट्रिंग क्वार्टेट, जुनी रेकॉर्डिंग्ज, सगळं चालतं. तिथे माझ्या कानाला मान आहे. एकच बंदिश चार गायकांकडून ऐकून त्यावर बोलणारी अशी माझी ओळख. आणि घरी येताना इअरफोनमध्ये मी बॉयबँड ऐकते. शाळेत असताना ऐकायचे तीच गाणी, शिवाय नवीन ऑटोट्यूनवालं डान्स पॉपसुद्धा. पुढच्या भेटीची थीम ठरलीये 'गिल्टी प्लेजर', सगळ्यांनी आपलं लाजिरवाणं गाणं आणायचं. पण बाकीचे जे आणणार म्हणतायत ते ऐकून मला कळेना की मी खरं आणू की काहीतरी सेफ आणू. अजून एक. गेल्या वर्षी ग्रुपमध्ये एक नवीन मुलगा आला, त्याने अगदी मनापासून एक चार्टवरचं पॉप गाणं लावलं. कुणीतरी शेरा मारला, सगळे हसले, मी पण हसले. ते गाणं मला पाठ होतं. तो अजून येतो पण आता फक्त सगळ्यांना चालेल असंच आणतो. हे डोक्यातून जात नाहीये. – लपून ऐकणारी"

अगं,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दुसरा तू "अजून एक" म्हणून शेवटी टाकून दिलायस, पण मला विचारशील तर तोच मोठा आहे, त्याच्याकडे येते. आधी पहिल्याचं उत्तर देऊन टाकते म्हणजे टांगणीला राहायला नको. खरं आण. बॉयबँडचंच आण, जे तू घरी येताना लावतेस आणि संपलं की परत लावतेस ते. फक्त कबुलीजबाब म्हणून आणू नकोस, गाणं म्हणून आण. माझं सगळं म्हणणं या एवढ्या फरकाबद्दलच आहे.

आणि हेही सांगते की मला स्वतःला बॉयबँड फारसे आवडत नाहीत. म्हणजे मी तुझी बाजू घेतेय ती आपली आवड जुळते म्हणून नाही, तुझं गाणं ऐकून मला काहीच वाटलं नाही तरी माझा सल्ला हाच राहील.

आता ती थीम. अशी थीम ठेवली की काय होतं हे तू ओळखलंयस, नीट शब्दात मांडलं नाहीयेस एवढंच. लोक लाजिरवाणं गाणं आणतच नाहीत, लाजिरवाणं म्हणून खपेल असं भारी गाणं आणतात. कुणी एखाद्या मोठ्या जॅझवाल्याचा ऐंशीच्या दशकातला सिंथेसायझरवाला अल्बम आणतं ज्याला तेव्हा समीक्षकांनी नावं ठेवली होती, कुणी नावाजलेल्या संगीतकाराने एखाद्या पडेल सिनेमासाठी केलेलं डिस्को आणतं, कुणी इतकं जुनं आणतं की त्याला आता रेट्रो म्हणतात, आणि रेट्रो म्हटलं की लाज संपली, शोधून काढल्याचं कौतुकच होतं. ती माणसं खोटारडी आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. तीही तुझ्याइतकीच घाबरलेली आहेत, ज्या खोलीत वर्षानुवर्षं आपल्या कानाची पत कमावली त्याच खोलीत ती घालवायची म्हणजे सोपं नाही. पण त्या संध्याकाळी एकानेही खरं आणलं नाही तर सगळे एकमेकांची पत सांभाळत बसणार आणि कुणालाच कुणाबद्दल नवीन काही कळणार नाही, मग ती थीम ठेवून उपयोग काय.

तू म्हणशील मी काहीच नाही आणलं तर? चालेल की. काय ऐकतो हे जगाला सांगायची सक्ती नाही कुणावर. एकटीने ऐकणं म्हणजे फसवणूक नाही, गाण्याशी आपलं एकट्याचं नातं असणं ही तर चांगली गोष्ट आहे. "या वेळी मी फक्त ऐकते" एवढं म्हण आणि बस. पण सेफ गाणं "हे बघा माझं लाजिरवाणं" म्हणून लावणं वेगळं, ते सरळ खोटं सांगणं झालं, आणि ते तुलाच जड जाईल कारण एकदा खोटी कबुली देऊन टाकली की खरं सांगायला परत जागाच उरत नाही. पुढे कधी सांगायचं झालं तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील, गाणंही आणि ते लपवलंस हेही.

आता मोठ्या माणसांची थोडी उदाहरणं देते. "बघ एवढे मोठे लोकही ऐकायचे" यासाठी नाही, त्यांनी ते सांगितलं कसं हे बघण्यासारखं आहे म्हणून. ब्रह्म्स म्हणजे सिम्फनी आणि क्वार्टेटवाला माणूस, त्याच्या काळात गंभीर संगीत म्हटलं की पहिल्या दोन-तीन नावांत त्याचं नाव. योहान स्ट्राउस त्याच काळातला, त्याच व्हिएन्नातला, पण नाचायचे वॉल्ट्झ लिहिणारा, म्हणजे तेव्हाचं डान्स म्युझिकच की. स्ट्राउसच्या घरातल्या बाईंनी ब्रह्म्सकडे हातपंख्यावर सही मागितली तेव्हा त्याने स्ट्राउसच्याच ब्लू डॅन्यूब या वॉल्ट्झची सुरुवात स्वरलिपीत लिहिली आणि खाली लिहिलं की दुर्दैवाने हे ब्रह्म्सचं नाही. किती सरळ आहे बघ, आवडतं, आणि हे मी केलेलं असतं तर बरं झालं असतं, बस्स. जॅझमधला मोठा ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग गाय लोम्बार्डोच्या बँडचं उघड कौतुक करायचा. लोम्बार्डोचा बँड म्हणजे गोडगोड, गुळगुळीत, जॅझच्या समीक्षकांना तो अजिबात चालायचा नाही, पण आर्मस्ट्राँगला आवडायचा आणि तो तसं सांगायचा. ग्लेन गूल्ड, बाख वाजवणारा एवढा मोठा पियानिस्ट, त्याने 1967 मध्ये पेटुला क्लार्क या पॉप गायिकेवर हाय फिडेलिटी मासिकात मोठा निबंध लिहिला, आणि तिच्या गाण्यांची रचना तितक्याच बारकाईने उलगडली जितकी तो कुठल्याही संगीताची उलगडायचा. आणि आपले कुमार गंधर्व. लता मंगेशकरांवरच्या लेखात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की सिनेसंगीताने लोकांचे कान बिघडवले नाहीत, उलट सुधारले, आणि तीन-साडेतीन मिनिटांचं सिनेमातलं गाणं आणि खानदानी गवयाची तीन-साडेतीन तासांची मैफल यांचं कलेचं आणि आनंदाचं मोल ते एकच मानतात. ज्या माणसाने ख्यालाचा इतका खोल विचार केला त्याचं हे म्हणणं आहे.

या चौघांपैकी कुणीही आधी माफी मागितली नाही. "हसू नका हं" असं म्हणून कुणी सुरुवात केली नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे "मी तर हे गंमत म्हणून ऐकतो" असंही कुणी म्हटलं नाही.

मात्र ही नावं ग्रुपमध्ये काढू नकोस. तुला मोह होईल, तुझा अभ्यास आहे आणि ढाल म्हणून छान वापरता येतील, पण मग चर्चा ब्रह्म्सवर जाईल आणि तुझं गाणं बिचारं कोपऱ्यात राहील. ही तुझ्या एकटीच्या धीरासाठी ठेव.

लाज नेमकी कशाची वाटतेय याचा थोडा विचार कर असं मला वाटतं. गाणं खराब आहे म्हणून लाज वाटते असं आपण धरून चालतो, पण खराब ख्यालही आपण ऐकलेले असतात, कंटाळवाणं जॅझही ऐकलेलं असतं, त्याची कुणी लाज नाही बाळगत. लाज बहुतेक वेळा ते गाणं ज्यांचं समजलं जातं त्या लोकांची असते. पिएर बूर्दिअ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये हेच मांडलं, की आपली आवड ही आपण कोणत्या वर्गातले आहोत हे दाखवायचं आणि दुसऱ्यांपासून वेगळं व्हायचं साधन असते. त्याच वर्षी 12 जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या स्टेडियमवर दोन मॅचच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोट करून उडवला, मग लोक मैदानात घुसले आणि इतका गोंधळ झाला की दुसरी मॅच होऊच शकली नाही. डिस्को आलं होतं कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबमधून, आणि तो राग नुसता संगीतावरचा नव्हता असं नंतर बऱ्याच जणांनी लिहिलंय. पुढच्या काही वर्षांत त्याच शिकागोत डिस्कोमधूनच हाउस म्युझिक तयार झालं आणि आज तू ऐकतेस त्यातलं कितीतरी डान्स पॉप त्याच ठेक्यावर उभं आहे. आपल्याकडे तर 1952 पासून बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली होती, लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावला, शेवटी 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

बॉयबँड कुणाचे समजले जातात? तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचे. त्या वयाच्या मुलींना जे आवडतं त्याला मोठी माणसं सगळ्यात आधी हसतात. बीटल्स 1964 मध्ये अमेरिकेत गेले तेव्हाही बऱ्याच शहाण्या लोकांना त्यांच्यात फक्त किंचाळणाऱ्या मुली आणि केस एवढंच दिसलं होतं, आणि 1967 पर्यंत लेनर्ड बर्नस्टाइनसारखा शास्त्रीय ऑर्केस्ट्राचा नावाजलेला कंडक्टर टीव्हीवर पियानोपाशी बसून त्यांच्याच गाण्यांमध्ये काय चाललंय हे समजावून सांगत होता. मुलींनी तीन वर्षं आधी ऐकलं होतं. सगळे बॉयबँड बीटल्स नसतात हे मलाही कळतं, पण मुद्दा तो नाहीच. तू पत्रात लिहिलंयस "शाळेत असताना ऐकायचे तीच", आणि मला राहून राहून वाटतंय की तू गाण्याला लाजत नाहीयेस, शाळेतल्या त्या मुलीला लाजतेयस जिला अजून विलंबित माहीत नव्हतं. ती मुलगी चांगलीच ऐकत होती गं. तेच कान घेऊन तू पुढे ख्यालापर्यंत आलीस, दुसरे कुठून आणले नाहीस.

हसणाऱ्यांचंही एक सांगते, ग्रुपमध्ये बसलं की आपल्याला काय आवडतं हे सुद्धा थोडं बदलतं, तुझंच नाही, सगळ्यांचंच. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांचा 2006 चा एक प्रयोग आहे, 14,000 हून जास्त लोक आणि अनोळखी बँडची 48 गाणी. काहींना नुसती गाणी दिली, काहींना बाकीच्यांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तेही दाखवलं, आणि अशा वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे त्या दिवशी जो पहिला शेरा मारला गेला ना, त्यानंतर त्या खोलीत कुणीच ते गाणं स्वतःच्या कानाने ऐकत नव्हतं. तू सुद्धा नाही, आणि तुला तर पाठ होतं.

आता कामाचं. गाण्याबद्दल बोलायचं काय. ग्रुपचा नियमच आहे की लावायचं आणि त्यावर बोलायचं, आणि इथे बहुतेक जण गडबडतात, एकतर माफी मागत सुटतात किंवा थिअरीचा मारा करतात की बघा हे किती गुंतागुंतीचं आहे. दुसरं पण लपणंच आहे. गाणं साधं असेल तर साधं म्हण. आधी हे सांग की तुला ते कुठे लागतं, नेमकं कुठल्या ओळीला, आणि मग एकच गोष्ट दाखव जी तुझ्या कानाला तिथे ऐकू येते आणि त्यांनाही ऐकू येईल. आणि अगं, तुझ्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, ख्याल ऐकणारा कान पॉप ऐकतो तेव्हा त्याला अशा गोष्टी ऐकू येतात ज्या नुसतं पॉप ऐकणाऱ्याला दिसतही नाहीत.

म्हणजे बघ. ख्यालात सा एकदा लागला की लागला, तानपुरा तो सोडत नाही, सगळी गंमत त्या न हलणाऱ्या सा भोवतीच आहे. पॉपमध्ये पायाच हलतो. गाणारा एकच सूर धरून उभा असतो आणि खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, बदलत जातात, तोच सूर एका कॉर्डवर सा असतो, पुढच्या कॉर्डवर तोच पंचम होतो, त्याच्या पुढच्यावर कोमल गंधार. गायक जागचा हललेलाही नसतो आणि आपल्याला मात्र वाटतं की सगळं बदललं, उजेडातून सावलीत आलो. हे ख्यालात होऊच शकत नाही, तिथे तो रस्ताच नाही, तिथे त्याऐवजी दुसरं खूप काही आहे. मग शेवटच्या मुखड्याच्या आधी ती एक जागा येते जिथे अख्खी पट्टीच अर्ध्या किंवा एका सुराने वर जाते, तानपुऱ्याची तार कुणीतरी मध्येच चढवावी तसं. बॉयबँडच्या गाण्यात हे इतक्या वेळा केलंय की लोक त्याला स्वस्त म्हणतात, पण ते स्वस्त आहे हे माहीत असूनही छाती भरून येते की नाही? येते. तर हे बोलण्यासारखं आहे. गंभीर संगीताच्या कानाला ती एक जागा का हलवते हा खरा प्रश्न आहे आणि तुझ्या ग्रुपमध्ये तो कुणीही आधी विचारला नसेल.

ऑटोट्यूनवालं आणायचं ठरवलंस तर ते तर अजून भारी. ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर काढलं अँडी हिल्डेब्रँड या माणसाने, 1997 मध्ये, आणि तो त्याच्या आधी तेल शोधण्यासाठी जमिनीत आवाजाच्या लहरी सोडून त्यांचा अभ्यास करायचा, तिथलंच गणित त्याने सुराला लावलं. मूळ हेतू चुकलेला सूर गुपचूप नीट करणं हा होता. 1998 मध्ये शेर (Cher) या अमेरिकन गायिकेच्या गाण्यात ते मुद्दाम इतकं ताणून वापरलं की सगळ्यांना ऐकू यावं. काय होतं त्याने? मींड जाते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जे आपण ख्यालात जीव टाकून ऐकतो, तेच नेमकं पुसलं जातं आणि आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर टक्कन पडतो. मींड नसलेला माणसाचा आवाज कसा लागतो, त्यात एक विचित्र एकटेपणा का येतो, हे तुझ्याइतकं चांगलं कोण सांगू शकेल.

आवडणं आणि चांगलं म्हणणं या दोन गोष्टी आहेत हेही विसरू नकोस. शब्द पोकळ असतील तर पोकळ आहेत असं स्वतःच म्हण, मधला रॅपचा तुकडा चिकटवल्यासारखा असेल तर तसं म्हण. त्याने तुझ्या आवडीला काही होत नाही. मॉन्ट्रियलमध्ये 2011 साली सालिमपूर आणि झटॉर वगैरे लोकांनी लोकांना आपापलं अंगावर काटा आणणारं संगीत आणायला सांगून मेंदूत काय होतं ते तपासलं, तेव्हा त्या क्षणी डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन सुटताना दिसलं. प्रत्येकाचं संगीत वेगळं होतं, कारण काटा ज्याचा त्याला येतो, तो आणण्यासाठी कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

एका बाबतीत मात्र गिल्ट खरी असू शकते, ती बाजूला काढून बघ. गाण्याचे शब्द कुणाला तुच्छ लेखणारे असतील, किंवा गाणाऱ्याने कुणाला खरोखर त्रास दिलाय हे आता समोर आलं असेल, तर ते टोचणं योग्य आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. अशा गाण्याबद्दलही बोलता येतं पण ती वेगळी संध्याकाळ आहे. तुझ्या पत्रावरून तुझं तसं काही वाटत नाहीये, तू फक्त साध्या सुंदर प्रेमाच्या गाण्यांना घाबरलीयेस.

आता तो मुलगा.

त्याला भेटीच्या आधी मेसेज कर, किंवा फोन कर, तुमचं जसं बोलणं असेल तसं. भेटीच्या दिवशी सगळ्यांसमोर नाही. सगळ्यांसमोर केलंस तर ते तुझं मोठेपण होऊन बसेल आणि त्याला तिथे बसून "अगं ठीक आहे" म्हणावंच लागेल. छोटं लिही. म्हणजे असं की त्या दिवशी तू जे गाणं लावलंस ते मला पाठ आहे, मला खूप आवडतं, आणि तरी मी हसले, ते मी करायला नको होतं, तेव्हापासून मनात आहे. एवढंच. पुढे तुझी भीती, तुझी ग्रुपमधली ओळख, तुझं लपून ऐकणं हे सगळं त्याला सांगत बसू नकोस, नाहीतर तो तुझीच समजूत काढत बसेल. वाटलं तर विचार की त्या गाण्यात तुला काय आवडतं, तेव्हा सांगायचं राहून गेलं ना. तो मोकळेपणाने बोलेल किंवा नुसता अंगठा पाठवेल, दोन्ही ठीक. आणि त्याने परत तसंच गाणं आणावं असा आग्रह धरू नकोस, तो कधी आणेल हे त्याचं त्याला ठरवू दे.

हे मी आधी करायला सांगतेय याला कारण आहे. तू लिहिलंयस की तुझ्या कानाला तिथे मान आहे. म्हणून तर तुझं हसणं त्याला लागलं असणार, शेरा मारणाऱ्याचं कदाचित त्याने सोडून दिलं असेल पण जिच्या ऐकण्याला सगळे मानतात ती पण हसली म्हटल्यावर त्याने काय समजायचं. आणि त्याच कारणाने तू खरं गाणं आणलंस तर त्याचा उपयोग तुझ्यापुरता राहत नाही. तुझ्यासारखीने बॉयबँड लावला आणि त्याबद्दल नेहमीच्याच आवाजात, नेहमीच्याच बारकाईने बोलली, तर पुढच्या नवीन माणसाला तिथे आपलं गाणं घेऊन येणं सोपं होईल. माझी खरी कळकळ याचीच आहे. चांगले ऐकणारे लोक एकत्र बसतात ही फार दुर्मिळ आणि मोलाची गोष्ट आहे, मी त्यांना नावं ठेवत नाहीये, कान तयार करायला वर्षं घालवलेली असतात त्यांनी. पण जिथे माणसं आपल्याला आवडतं ते न आणता इतरांना चालेल ते आणायला लागतात तिथे ऐकणंच हळूहळू बंद पडतं, मग सगळे मिळून फक्त एकमेकांची संमती ऐकत बसतात.

त्या दिवशी काय करायचं ते सांगते. गाणं पूर्ण लाव, साडेतीन मिनिटंच असतं, मध्ये थांबवू नकोस आणि त्यावर बोलू नकोस. मोबाइलच्या स्पीकरवर नाही, ज्यावर तुम्ही क्वार्टेट ऐकता त्याच सिस्टिमवर, त्याच व्हॉल्यूमला. चालू असताना लोकांचे चेहरे वाचू नकोस, तू गाणं ऐक. आधी फक्त नाव सांग आणि "हे मला फार आवडतं" एवढं म्हण. "लाजिरवाणं" हा शब्द थीममध्ये असला तरी तू वापरायची गरज नाही.

कुणी हसलं तर? सगळं हसणं टाकून बोलणारं नसतं हे लक्षात ठेव, कधी कधी लोक ओळख पटल्याच्या आनंदानेही हसतात, आणि मला खात्री आहे की तिथे अजून एक-दोघांना ते गाणं पाठ असणार. खरंच खिल्ली उडवली तर तू त्यात सामील होऊ नकोस, इतकंच सांभाळ, ही तुझी सवय झालेली आहे असं पत्रावरून वाटतं. कुणी म्हणालं "याला काय संगीत म्हणायचं" तर त्याच्या आवडीवर उलट वार करू नकोस, विचार की तुला काय ऐकू आलं, काय खटकलं. कदाचित त्याला खरंच काहीतरी खटकलं असेल आणि ते बरोबरही असेल. त्याला तुझं गाणं आवडलंच पाहिजे असं नाही, मलाही कदाचित आवडणार नाही. आणि बाकीच्यांची पाळी येईल तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न विचार, यात तुला कुठली जागा लागते, सेफ गाणं आणलेल्यालाही विचार, त्यालाही कदाचित त्यातून काहीतरी खरं बोलता येईल.

राहिलं कुठलं गाणं निवडायचं ते. सगळ्यात लाजिरवाणं शोधत बसू नकोस, ती परत स्पर्धाच होईल. थीम नसती, कुणी न विचारता तुला एकच गाणं त्या लोकांना ऐकवावंसं वाटलं असतं तर कुठलं, ते घे. आणि आधी एकदा घरी स्पीकरवर लावून बघ, कारण तू ते इतकी वर्षं इअरफोनवर ऐकलंयस आणि या गाण्यांचा बास खोलीत वेगळाच लागतो, गरज पडली तर त्या दिवशी थोडा कमी करायला सांग.